दाभोळच्या खाडीतील एक तिसरा प्रहर

समुद्राच्या काठी सात-आठ पिढ्या काढूनही ज्यांचा समुद्राशी संबंध पर्वणीच्या स्नानापलीकडे गेला नाही, अशा घराण्यांपैकी आमचे एक आहे. पडवीत बसले असता लाटांचा घोष ऐकू येतो, माडांवरून येणारा वारा पोथीची पाने उलटवितो, वैशाखात विहिरीच्या पाण्यास किंचित मचूळ चव येते. परंतु होडीत बसून वल्हे हाती धरणारा पुरुष आमच्या वंशावळीत शोधूनही सापडावयाचा नाही. समुद्रयानाची गणना कलिवर्ज्यांत झाली, हे याचे शास्त्रीय कारण. खरे कारण, माझ्या मते, वल्हे ओढल्याने तळहातास फोड येतात, हे असावे.

शाळेत संस्कृत शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. अमरकोशातील वारिवर्ग मुलांकडून म्हणवून घेताना नौकेची सारी सामग्री माझ्या जिव्हाग्री असे. वल्ह्यास क्षेपणी, सुकाणूस केनिपातक, ते धरणारा कर्णधार. आणि होडीत शिरलेले पाणी उपसण्याच्या भांड्यासही कोशकाराने सेकपात्र असा स्वतंत्र शब्द राखून ठेविलेला. ऋग्वेदातील भुज्यूची कथाही मी दरवर्षी सांगत असे. तुग्राचा हा पुत्र भरसमुद्रात निराधार सापडला आणि अश्विनीकुमारांनी त्यास शंभर वल्ह्यांच्या नौकेतून घरी पोहोचविले, ही ती कथा. एके वर्षी शेवटच्या बाकावरील एका खारव्याच्या मुलाने उभे राहून विचारले, “गुरुजी, शंभर वल्ही एकमेकांवर आपटत नव्हती?” प्रश्न परीक्षेस येण्यासारखा नसल्यामुळे तो तेथेच राहिला. तो मुलगा पुढे मॅट्रिकपर्यंत पोहोचला नाही. आज तो वेलदूरचा एक नावाजलेला तांडेल आहे.

आता घरातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. माझ्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंस दोन पुत्र. थोरला पुण्यास बँकेत नोकरी करून तेथेच स्थायिक झालेला. धाकटा घरी राहून आगर, गुरे आणि देवपूजा सांभाळणारा. बंधूंच्या पश्चात वाटणी निघाली. घराची मापे झाली, माड मोजले गेले, भांडीसुद्धा बिनतक्रार विभागली. अडले ते विहिरीपाशी. विहीर धाकट्याच्या हद्दीत पडली आणि थोरल्याच्या वाट्याच्या आगरास दुसरे पाणी नाही. पाणी देण्यास धाकट्याचा नकार नव्हता, ते हक्क म्हणून लिहून देण्यास होता. थोरल्यास पाण्याची निकड नव्हती, त्यास कागद हवा होता. दोघांनी दोन वकील केले आणि दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलास ‘तुमचेच बरोबर आहे’ असे सांगितले. त्यांचा तो व्यवसायच आहे. तेव्हापासून तीन वर्षे हे दोघे सख्खे बंधू एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. शिमग्यास आणि गणपतीस थोरला सहकुटुंब घरी येई, एकाच पंक्तीस जेवणे होत, जावाजावांचे सूत पूर्ववत् होते, मुले तर एका पांघरुणात निजत. हे दोघे मात्र पानावर मीठ हवे झाले तरी “काका, त्याला सांगा” म्हणत. मी मध्ये बसून टपाल पोहोचवीत असे. एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या माणसाच्या वाट्यास निवृत्तीनंतर जी कामे येतात, त्यांत याहून कंटाळवाणे काम मला ठाऊक नाही.

२०२४ च्या शिमग्यात थोरल्याच्या कन्येने, म्हणजे माझ्या नातीने, होडीचा बेत काढला. ती पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली. तेथे नदीकाठी विद्यार्थ्यांचा बोट क्लब आहे आणि १९२८ पासून रेगाटा म्हणून नौकांचा उत्सव होत आला आहे. त्या शर्यतीच्या होड्या अरुंद, वल्हेकऱ्याची बैठक चाकांवर मागेपुढे सरकणारी आणि नदीचे पाणी पोटातले न हलण्याइतके शांत. तिचे म्हणणे असे की, फाल्गुन वद्य द्वितीयेस वेलदूरहून होडी आपणच वल्हवीत पलीकडे दाभोळास जावे, चंडिकेचे दर्शन घ्यावे, धाकट्याच्या सासुरवाडीस जेवावे आणि परतावे. होडी व तांडेल ठरविण्याचे काम धाकट्याने केले. होडीत तीन फळ्या आणि सहा वल्ही. मधल्या फळीवर एका अंगास नातीने आपल्या वडिलांस बसविले आणि दुसऱ्या अंगास आपल्या काकांस. “वजन सारखं पडतं, आजोबा,” असे ती मला म्हणाली. इंजिनिअरिंगचे हे कारण मी मुकाट्याने ऐकून घेतले.

भरतीचा हिशेब आमच्या किनाऱ्यावर पंचांगावरून करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. तीत सहा तास मिळविले की पूर्ण ओहोटी. द्वितीयेची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास खाडी तुडुंब आणि सकाळ-संध्याकाळ साडेसातला पाणी तळास. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. परंतु चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, या पायावर उभारलेले हे गणित घड्याळ नसलेल्या माणसासही करता येते, हा त्याचा मोठा गुण. पौर्णिमा नुकतीच सरलेली होती, म्हणजे पाणी उधाणाचे आणि त्याचा ओघ जोराचा. वाऱ्याचा हिशेब याहूनही सोपा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवस चढून जमीन तापली की समुद्रावरचा गार वारा आत शिरतो, तो खारा. फाल्गुन-चैत्रात हा खारा वारा तिसऱ्या प्रहरी ऐन भरात असतो.

हे दोन्ही हिशेब एकत्र मांडले म्हणजे तांडेलाने आदल्या दिवशी धाकट्यास काय बजावले होते, ते ध्यानात येईल. सकाळी भरतीबरोबर जावे आणि दुपारी पाणी थबकलेले असताना परतावे. दीडनंतर पाणी समुद्राकडे धावू लागणार आणि वारा समुद्राकडून येणार. ही दोन समोरासमोर भिडली की लाटा आखूड होतात आणि उभ्या राहतात. लांब लोळत येणाऱ्या लाटेवर होडी सावकाश चढते व उतरते. आखूड लाटेत तिला तेवढी सवड मिळत नाही.

जाताना सांगण्यासारखे काही घडले नाही. मतलई वारा मंद होता, भरती होडीस आपण होऊन आत नेत होती. वल्ही एकमेकांवर आपटत होती, मुले हसत होती, बायकांच्या ओट्यांतील नारळ पायाशी गडगडत होते. वल्हेकऱ्याचे तोंड मागे असते, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. सोडलेला काठ त्यास दिसतो, गाठावयाचा दिसत नाही. तो एकट्या सुकाणूवाल्यास दिसतो. मधल्या फळीवरील दोघेही वेलदूरच्या माडांकडे दृष्टी लावून बसले होते आणि एकाचे कोपर दुसऱ्याच्या कोपरास लागले की दोघेही ते चटकन आखडून घेत.

दाभोळविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आज गलबतांची नव्हे तर मासळीच्या बोटींची गर्दी असलेले हे गाव बहामनी व आदिलशाही अमदानीत पश्चिम किनाऱ्यावरचे एक संपन्न बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने ते जाळले, तरीही ते पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकातील दगडी मशीद खाडीच्या काठी आजही पाहावयास मिळते. चंडिकेचे देऊळ गुहेत आहे. आत वाकून, चाचपडत जावे लागते आणि दिव्याच्या उजेडात देवी एकाएकी समोर येते. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर दोघा बंधूंनी एकाच वेळी घंटेकडे हात नेला. दोघांनीही तो मागे घेतला आणि घंटा वाजलीच नाही.

जेवणे साडेबारास आटोपली. धाकटा हात धुऊन तडक धक्क्यावर होडीपाशी जाऊन बसला. थोरला ओटीवरील झोपाळ्यावर बसला. धाकट्याच्या सासुरवाडीहून त्याच्या बोलावण्यावाचून उठणे थोरल्यास उणेपणाचे वाटत होते, आणि बोलावणे पाठविणे धाकट्यास. मी दोन वेळा घड्याळ पुढे केले. “होडी त्याने ठरवली आहे, काका, तो सांगेल तेव्हा निघू,” हे उत्तर. अखेरीस धाकट्याने एका दहा वर्षांच्या पोराबरोबर मला निरोप पाठविला. परंतु वाटेत त्या पोरास ग्रामदेवतेची पालखी भेटली. ज्यांनी कोकणातला शिमगा पाहिला आहे त्यांस पुढचे सांगावयास नको. ढोल वाजत होते, खांद्यावर पालखी नाचत होती, आणि निरोप्या तिच्यापुढे नाचत होता. तीच पालखी पुढे यजमानांच्या दाराशी आली. दाराशी आलेली देवी ओवाळून, नारळ देऊन मार्गस्थ होईपर्यंत कोण उठणार? आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

तांडेल काही बोलला नाही. त्याने पाण्याकडे पाहिले, आम्हीही पाहिले. सकाळी आरशासारखी असलेली खाडी राखी रंगाची झाली होती आणि मुखापासून आतपर्यंत पांढऱ्या कडा उठत होत्या. “बायकामाणसं, पोरं फेरीबोटीनं जावदेत,” एवढेच तो म्हणाला. दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान मोटारीदेखील वाहून नेणारी फेरीबोट चालते, तिने मंडळी गेली. होडी मागे ठेवण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती तांडेलास मासेमारीस हवी होती आणि सायंकाळपर्यंत थांबावे तर वेलदूरच्या काठास पाणी आटून चिखलच चिखल होणार. सहा वल्ह्यांस सहा माणसे हवीत. थोरल्याने फेरीबोटीने जावे, त्याच्या जागी कोणी भाडोत्री गडी घेऊ, असे मी सुचविले. त्याने होडीकडे पाहिले. धाकटा मधल्या फळीवर आपल्या जागी बसलेला होता आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. थोरल्याने धोतर खोचले आणि तो उतरला.

मीही उतरलो. मागे वजन लागते, असे तांडेलाचे मत पडले, आणि माझ्या वजनाचा असा उपयोग यापूर्वी कोणी केला नव्हता. नातीच्या हट्टावरून प्रत्येकाने लाइफ जॅकेट चढविलेले. उपरण्यावरून ते मला कसे शोभत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तांडेलाने माझ्या हाती तेलाच्या प्लास्टिकच्या डब्याचे तोंड कापून केलेले एक भांडे दिले. पाणी आत आले की उपसावयाचे. तीस वर्षे ज्याचे नाव मुलांकडून पाठ करून घेतले ते सेकपात्र असे हाती आले. “आनी मोजा, गुरुजी,” तो म्हणाला, “वर्गात मोजायचात तसं. सगळ्यांची वल्ही तुमच्या आवाजावर.”

आरंभी तांडेलाने होडी घराच्या दिशेने घेतलीच नाही. उत्तर काठाला लागून, जेथे ओहोटीचा ओढा कमी होता, तेथून तो आम्हांस वर, खाडीच्या आतल्या बाजूस घेऊन गेला. तरुणांस हे उलटे जाणे रुचले नाही. कारण पुढे कळले. मध्यावर गेल्यावर पाणी होडीस मुखाकडे खेचणार, हे धरून चालावयाचे. तेव्हा जेथे पोहोचावयाचे त्याच्या बरेच वरून निघावे, म्हणजे खेचत खेचत पाणीच आपल्यास नेमक्या ठिकाणी आणून सोडते. सरळ निघालेला माणूस काठ गाठतो, तो मुखाजवळच्या फुटत्या लाटांत. मग त्याने नाळ वळविली. “नाक लाटेला द्यायचं, कूस नाय द्यायची,” एवढे सांगून तो सुकाणूवर घट्ट बसला.

पहिली लाट नाळेवर आपटून तिचे शिंतोडे माझ्यापर्यंत आले. मी ‘एक-दोन’ म्हणू लागलो. परंतु वाऱ्यात ते तुटक अंक ऐकू जाईनात आणि सहा वल्ही सहा वेळांस पडू लागली. लांबविता येईल, ज्याच्या ठेक्यास हात बांधला जाईल, असे काहीतरी हवे होते. जन्मभराची सवय उपयोगी पडली. भुजंगप्रयाताचे गण मी खड्या आवाजात म्हणू लागलो, “यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा!” दोघेही पुतणे माझ्याच हाताखाली वृत्ते शिकलेले, वल्ही लगेच एका ठेक्यावर आली. दहा-बारा आवर्तने झाली असतील. इतक्यात एक मोठी लाट समोर उभी राहिली आणि थोरला ओरडला, “काका, निदान या वेळी त्याचे नाव नको!”

धाकट्यास हसू आवरेना. हसता हसता त्याचे वल्हे हवेतच फिरले. मी तत्काळ स्रग्विणी धरली आणि यमाच्या जागी “राधिका, राधिका” सुरू झाले. गण बदलला तसा ठेकाही बदलला, आणि हात जमेपर्यंत चार लाटांचा वेळ गेला.

मध्यावरची गोष्ट मात्र हसण्याची नव्हती. वारा पश्चिमेचा, आम्ही नैर्ऋत्येस तोंड करून चाललेले. धाकटा समुद्राकडच्या अंगास, थोरला आतल्या अंगास. धाकट्याचे हात नांगर-कुदळीवर पोसलेले, थोरल्याचे बँकेत. जसजसा थोरला दमू लागला तसतसा धाकटा अधिक जोराने ओढू लागला, हेतू चांगलाच की होडी मंदावू नये. परंतु होडीस हेतू कळत नाही. एका अंगाचा जोर वाढला की ती दुसऱ्या अंगास वळते. नाळ हळूहळू लाटेवरून ढळली, तांडेलाने सुकाणू पुरे लोटले तरी ती येईना, आणि एका लाटेस आमची कूस मिळाली. होडी इतकी कलली की थोरल्याच्या अंगाची कड पाण्याखाली जाऊन वर आली. दोन बादल्या पाणी आत आले. नातीच्या तोंडचा रंग मला दिसत होता. तिच्या नदीवर असे काही होत नव्हते. तांडेल ओरडला, “मधली फळी!” पुढे काय ते त्याला सांगता आले नाही, किंवा कोणास सांगावे ते कळले नसेल.

तेव्हा थोरला मान न वळविता म्हणाला, “अरे, जरा बेताने ओढ. माझा हात पुरत नाही.”

“बरं, दादा.”

धाकट्याने वल्हे निम्म्या जोराने ओढावयास आरंभ केला. त्याच्या मनगटांवरून मला ते स्पष्ट दिसत होते. सर्व बळाने ओढण्याहून त्यास ते कठीण जात होते. पुढच्या दोन लाटांत नाळ पुन्हा समोर आली. गती कमी झाली, आणि ओहोटी आम्हांस मुखाकडे नेत असल्यामुळे ती कमी होणे धोक्याचेही होते. परंतु होडी सरळ चालली. मी एका हाताने पाणी उपशीत होतो आणि तोंडाने राधिकेचा जप करीत होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. घड्याळ पाहिले तेव्हा वेलदूरची घरे दिसण्याइतकी जवळ आली होती, काठाच्या आडोशाने लाट मोडली होती, आणि चारास पाच मिनिटे कमी होती.

मंडळी आमच्या आधी पोहोचून काठावर उभी होती. कोणी काही विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. थोरल्याच्या दोन्ही तळहातांस फोड आले होते. तांडेल दोर बांधता बांधता मजकडे पाहून म्हणाला, “आपटली नायत बगा, गुरुजी.” काय आपटले नाही, हे मला त्या वेळी उमगेना, घराच्या चढावर अर्ध्या वाटेत आल्यावर तो शेवटचा बाक आठवला.

त्या रात्री दोघे बंधू गळ्यात गळा घालून बसले, असे लिहिले तर वाचकांस बरे वाटेल, पण तसे झाले नाही. जेवताना दोघेही गप्प होते. दमलेली माणसे गप्पच असतात. तिसऱ्या दिवशी थोरला पुण्यास गेला. विहिरीचा कागद अद्याप झालेला नाही आणि दोन्ही वकील सुखरूप आहेत. पुढच्या वैशाखात विहिरीवरचा पंप जळाला. तो दुरुस्त करावा की नवा घ्यावा, यावर पुणे आणि आमचे घर यांमध्ये चार-सहा दिवस फोनवर बराच वाद झाला म्हणतात. पंप नवा आला, दोन्ही आगरांस पाणी सुरू झाले. खर्च किती झाला आणि तो कोणी किती दिला, हे दोघांपैकी एकानेही मला कळविले नाही. तो आकडा मला पंपवाल्याकडून कळला.